ताप नाही ना? वय वाढताना प्रतिकारशक्तीचं नेमकं काय होतं

वेंगुर्ल्याच्या आमच्या पट्ट्यात रात्री आठच्या सुमारास घरोघरी फोन वाजतात. मुलगा मुंबईला, मुलगी पुण्याला आणि गावातल्या घरात आई-वडील दोघंच, नाहीतर एकटी आईच. बोलणं ठरलेलं. जेवलंस? पाऊस कितपत? ताप नाय मा? मगे बरां आसा. ताप नाही म्हटलं की पलीकडच्या माणसाचा जीव भांड्यात पडतो.

तीन वर्षांपूर्वीच्या गणपतीपर्यंत माझाही पडायचा.

त्या वर्षी भावाची मुलं डोंबिवलीहून येतानाच सर्दी-खोकला घेऊन आली. पाच दिवस आजीच्या मांडीवर, आजीच्या ताटात. गणपती पोचवून झाले, चाकरमानी परतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा चहा तसाच राहिला. कपावर साय धरलेली, बिस्कीट बशीत मऊ होऊन पडलेलं. "काय एक झाला नाय गो माका, जेवूक नको वाटता," म्हणाली. खोकला जेमतेम. थर्मामीटर लावला, ९८.९. एवढी माणसं सांभाळून दमली असेल, असं आम्ही ठरवून टाकलं. संध्याकाळी खळ्यात बसल्या बसल्या तिने मला विचारलं, "तुझो बापूस बाजारातसून इलो काय?" बाबांना जाऊन तेव्हा ९ वर्षं झाली होती. तिसऱ्या दिवशी मी तिच्या छातीवर हात ठेवून घड्याळ लावलं, तर मिनिटाला ३० श्वास. मग गाडी काढली. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा आला होता. न्यूमोनिया, आणि घरात कोणी 'ताप' हा शब्दसुद्धा उच्चारला नव्हता.

मी ज्युनियर कॉलेजात २२ वर्षं जीवशास्त्र शिकवते. टी आणि बी नावाच्या पांढऱ्या पेशी, जंतूला चिकटणाऱ्या अँटीबॉडी या प्रथिनाचा इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार, हे सगळं फळ्यावर किती वेळा काढलं असेल. तरी घरात समोर घडत असताना मला ते ओळखता आलं नाही. आई बरी झाल्यावर मी हा विषय पुन्हा मुळापासून वाचला. तिला मधुमेह नव्हता, दम्याचा त्रास नव्हता, न्यूमोनियाच्या आठ दिवस आधी ती विहिरीवरून कळशी आणत होती. म्हणजे हा आजारी माणसाचा प्रश्न नव्हता. धडधाकट माणसाच्या शरीरातही वयाबरोबर जे होतं, त्याचाच हा भाग होता, आणि ते समजून घेणं आपल्या हातात आहे.

आधी एक गोष्ट बाजूला करू. 'वय झालं, प्रतिकारशक्ती कमी झाली' असं आपण सहज म्हणतो, जणू ती टाकीतलं पाणी आहे आणि पातळी खाली गेली. रक्ताचा रिपोर्ट काढून बघा. पांढऱ्या पेशी साधारण ४ ते ११ हजार असायला हव्यात, आणि ७५ वर्षांच्या निरोगी माणसातही त्या तेवढ्याच असतात. रिपोर्ट नॉर्मल येतो. त्या आकड्याच्या आत कोण किती आहे आणि कोणाला कोणतं काम जमतं, हे बदललेलं असतं. काही फौज आटलेली, काही मुरलेली, काही विनाकारण चिडलेली. या तिन्ही गोष्टी एकाच अंगात एकाच वेळी चालू असतात, म्हणून 'कमी' हा एक शब्द त्यांना पुरत नाही.

आटते ती नवी भरती. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या बाजूला, थायमस नावाची मऊ ग्रंथी असते. १९६१ पर्यंत तिला फारसं कोणी विचारत नव्हतं. त्या वर्षी लंडनमध्ये जॅक मिलर या संशोधकाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली. ते उंदीर साध्या संसर्गांना बळी पडू लागले, आणि दुसऱ्या उंदराची त्वचा त्यांच्यावर चिकटवली तरी शरीर ती झिडकारेना. आपलं आणि परकं ओळखणाऱ्या पेशी या ग्रंथीत तयार होतात, हे तेव्हा कळलं. टी पेशीतला 'टी' हा थायमसचा.

वर्गात मी थायमसला तरवा म्हणते. आमच्याकडच्या मुलांना ते लगेच कळतं. पावसाच्या तोंडावर एका छोट्या वाफ्यात भात दाट पेरायचं, रोपं वीतभर झाली की उपटून मोठ्या शेतात लावायची. हाडांच्या आतल्या अस्थिमज्जेतून आलेल्या कोवळ्या पेशी थायमसच्या तरव्यात वाढतात. प्रत्येक पेशीच्या अंगावर परका ओळखणारा एक हात असतो आणि त्याचा आकार नशिबाने ठरतो, म्हणून प्रत्येकीचा वेगळा. मग कडक निवड होते. जी पेशी आपल्याच शरीरावर जोरात धावून जाते ती मारली जाते, जिला काहीच ओळखता येत नाही ती आपोआप मरते. १०० पेशी आत आल्या तर २ ते ५ जिवंत बाहेर पडतात. तेवढी काटेकोर निवड होते म्हणून तर आपलं शरीर स्वतःलाच खात नाही.

हा तरवा म्हातारपणी आटतो असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तो लहानपणापासूनच आटू लागतो. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षापासून थायमसमधला कामाचा भाग दर वर्षी सुमारे ३ टक्के कमी होतो, चाळिशीनंतर वेग मंदावून १ टक्क्यावर येतो, आणि मोकळी झालेली जागा चरबी घेते. साठीच्या माणसात पिवळ्या चरबीत अडकलेली थोडीशी बेटं उरतात. पुरुषांत हे जरा लवकर होतं, बायकांत जरा सावकाश.

मग शेत ओस का पडत नाही? कारण लावलेल्या रोपांना फुटवे येतात. शरीरात विखुरलेल्या जुन्या टी पेशी स्वतःच दुभंगून आपली संख्या राखतात. उंदराच्या बाबतीत म्हातारपणीही बराचसा पुरवठा थायमसच करते, माणसाच्या बाबतीत मोठेपणी बहुतेक काम फुटव्यांवर चालतं. संख्या टिकते, पण फुटवा हा त्याच वाणाचा असतो. एखादा वाण शेतातून गेला की गेलाच. आमच्या पंचक्रोशीत पूर्वी वालय, सोरटी, मुणगा अशी कितीतरी भातं होती, आता शेत हिरवंगार दिसतं आणि आत दोन-तीनच वाण असतात. टी पेशींचंही तसंच. तरुण माणसात अजून कामाला न लागलेल्या टी पेशींचे सुमारे १० कोटी वेगवेगळे वाण असावेत असा अंदाज आहे. सत्तरीत ते निम्म्यावर, काहींमध्ये पाचव्या हिश्शावर येतात. संसर्ग झालेल्या पेशीला ठार करणाऱ्या टी पेशींमध्ये ही घट सर्वांत जास्त दिसते.

त्यामुळे पूर्वी कधीच न पाहिलेला विषाणू आला, की म्हाताऱ्या शरीराला त्याच्यासाठी जुळणारी पेशी सापडायला वेळ लागतो, कधी सापडतच नाही. २०२० साली आपण हे जगभर पाहिलं. तोच विषाणू, तेच घर, नातू दोन दिवस शिंकला आणि आजोबांना ऑक्सिजन लागला.

मोठ्या वयात थायमस निकामी, असं मात्र म्हणवत नाही. २०२३ साली अमेरिकेत छातीच्या शस्त्रक्रियेत थायमस काढलेल्या प्रौढांची तुलना तशीच शस्त्रक्रिया झालेल्या पण थायमस राहिलेल्यांशी केली. ५ वर्षांत पहिल्या गटात ८.१ टक्के माणसं दगावली, दुसऱ्यात २.८ टक्के. उरलेली बेटंही काही ना काही राखून असतात.

आता मुरलेल्या, म्हणजे जुने रोग लक्षात ठेवणाऱ्या फौजेबद्दल. मला या विषयात सर्वांत जास्त भुरळ पडली ती इथे.

युरोपच्या उत्तरेला समुद्रात फारो नावाची बेटं आहेत. माणसं मासेमारी करणारी, वस्ती तुटक, बाहेरचं जहाज आलं तरच बाहेरचा रोग येणार. १८४६ साली तिथे गोवर शिरला. बेटांवर तेव्हा सुमारे ७,८०० माणसं होती, त्यातली ६ हजारांच्या वर काही महिन्यांत आजारी पडली. पीटर पानुम हा तरुण डॅनिश डॉक्टर होडीने गावोगाव फिरून नोंदी करत होता. त्याच्या लक्षात आलं की काही म्हातारी माणसं घरात सगळे फणफणलेले असताना मजेत फिरताहेत. चौकशी केल्यावर कळलं की १७८१ मध्ये, म्हणजे ६५ वर्षांपूर्वी, बेटांवर गोवर येऊन गेला होता आणि या माणसांना तो तेव्हा, लहानपणी, झाला होता. अशांपैकी एकालाही तो दुसऱ्यांदा झाला नाही. ज्या म्हाताऱ्यांना लहानपणी झाला नव्हता ते मात्र आजारी पडले. वय तेच, बेट तेच, फरक फक्त जुन्या ओळखीचा.

दुसरी गोष्ट अलीकडची. १९१८ च्या जीवघेण्या फ्लूच्या साथीतून वाचलेली ३२ माणसं संशोधकांनी शोधली. २००८ साली निष्कर्ष आले तेव्हा ती ९१ ते १०१ वर्षांची होती. ९० वर्षं उलटल्यावरही त्यांच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडी होत्या, आणि कामाच्या होत्या. अँटीबॉडीचा रेणू स्वतः तीनेक आठवड्यांत निम्मा संपतो. तरी त्या सापडतात, कारण बी पेशींपासून झालेल्या काही पेशी अस्थिमज्जेत ठाण मांडून आयुष्यभर अँटीबॉडी बनवत राहतात. काल चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही आणि शाळेतली कविता तोंडपाठ, अशी आपली वडीलधारी माणसं असतात ना, त्यांच्या रक्ताचंही तसंच आहे. नवं शिकणं जड जातं, जुनं पक्कं असतं.

सगळ्याच आठवणी इतक्या चिवट नसतात. धनुर्वाताच्या लशीची आठवण गोवराच्या मानाने खूप लवकर पुसट होते, म्हणून दर १० वर्षांनी डोस घ्यायला सांगतात. शेतात कोयता लागतो, खिळा पायात जातो, आणि आधीचा डोस कधी झाला हे साठीच्या माणसाला विचारलं तर ते पाठच्या बाळंतपणात किंवा शाळेत असताना असं सांगतात.

काही आठवणी मात्र घरातली जागाच अडवतात. सायटोमेगॅलो नावाचा एक विषाणू आहे. आपल्याकडे जवळपास प्रत्येकाला तो लहानपणी होऊन जातो, कळतही नाही, आणि मग जन्मभर अंगात झोपून राहतो. त्याला झोपवून ठेवायला शरीर टी पेशींची मोठी तुकडी राखतं. मुरलेल्या टी पेशींपैकी सरासरी दहावा हिस्सा या एकाच विषाणूच्या पहाऱ्यावर असतो, आणि वयाबरोबर तो वाढू शकतो. एकाच भाताने कणगी भरली की दुसरं ठेवणार कुठे?

असाच झोपलेला दुसरा विषाणू कांजिण्यांचा, आणि तो जागा झाला की होते ती नागीण.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की विषाणू पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो. त्याच्यावर पहारा टी पेशींचा. पन्नाशीनंतर पहारा सैल पडतो आणि विषाणू एका मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर उतरतो. म्हणून नागीण अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी उठते. माझ्या आजीला झाली तेव्हा मी सातवीत होते. बरगडीखालून पाठीपर्यंत द्राक्षांच्या घोसासारखे पाणीदार फोड. शेजारच्या काकू सहाणेवर काव उगाळून आणायच्या आणि कोंबडीच्या पिसाने लावायच्या. तांबडा लेप वाळून भेगाळला की आजीला कपडाही सहन होत नसे. फोड तीन आठवड्यांत गेले. आग मात्र पुढे दीड वर्ष राहिली. पंख्याचा वारा लागला तरी ती कळवळायची.

तोंड आणि शेपूट एकत्र आलं की माणूस जातो, असं तेव्हा सगळे म्हणत. त्या भीतीच्या मुळाशी थोडं तथ्य आहे. विषाणू एका बाजूच्या एका मज्जातंतूत असल्यामुळे विळखा सहसा पुरा होतच नाही. फोड सगळ्या अंगावर पसरू लागले, तर त्या माणसाची प्रतिकारशक्ती खरोखर ढासळलेली असते आणि ते धोक्याचंच. फोड आपोआप सुकतात म्हणून यश कावेला आणि मंत्राला मिळतं. पण विषाणूवरची गोळी पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर खरा उपयोग होतो, आणि ते तीन दिवस आपण सहाणेवर घालवतो. काव लावायची तर लावा, पण त्याच दिवशी डॉक्टरही गाठा.

नागिणीच्या लशीने मला एक मोठी आशेची गोष्ट शिकवली. आधीची जिवंत विषाणूची लस सत्तरीच्या पुढे फार कमी चालायची, ३८ टक्के. मग विषाणूचा फक्त एक तुकडा आणि त्याच्यासोबत प्रतिकारशक्तीला जोरात हलवणारा मसाला अशी नवी लस आली. तिने सत्तरीच्या पुढच्या माणसांतही चाचणीत १० पैकी ९ जणांची नागीण टाळली. फ्लूच्या लशीचंही तसंच दिसलं. पासष्टीच्या पुढच्यांना चौपट मात्रेची लस दिली, तर नेहमीच्या लशीपेक्षा फ्लू २४ टक्क्यांनी कमी झाला. म्हातारं शरीर शिकत नाही असं नाही. कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी जरा मोठ्याने बोलतो, तसं त्याला मोठ्याने सांगावं लागतं. नागिणीची ही नवी लस २०२३ पासून आपल्याकडेही मिळते. दोन डोस, किंमत चांगलीच आहे, पण आजीचं ते दीड वर्ष आठवलं की मला ती महाग वाटत नाही.

आता वळते तापाकडे, ज्याच्यामुळे हे सगळं वाचावं लागलं.

ताप जंतू आणत नाहीत, शरीर स्वतः आणतं. संसर्गाची चाहूल लागली की पांढऱ्या पेशी रक्तात निरोप सोडतात, मेंदूतलं तापमान राखणारं केंद्र ते ऐकतं आणि अंगाची भट्टी पेटवतं. म्हातारपणी निरोप क्षीण जातात, केंद्र कमी ऐकतं, आणि भट्टीला लागणारे स्नायू झिजलेले असतात. गंभीर संसर्ग झालेल्या वृद्धांपैकी २० ते ३० टक्क्यांना ताप येतच नाही, किंवा नावापुरता येतो. संसर्ग दुसऱ्याच वेशात दिसतो. जेवण सुटतं, माणूस झोपून राहतो, तोल जातो, बोलणं भरकटतं, कधी न होणारी लघवी अंथरुणात होते.

शिवाय म्हाताऱ्या माणसाचं नेहमीचं तापमानच कमी असतं. आई घरी आल्यावर आठवडाभर मी रोज सकाळी तिचा ताप मोजला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकोनात लिहिला. ९६.८, ९६.९, ९६.७. म्हणजे त्या दिवशीचं ९८.९ हे नॉर्मल नव्हतंच. तिच्या हिशेबाने तो दोन अंश ताप होता. वृद्धांच्या बाबतीत डॉक्टर हाच हिशेब धरतात, नेहमीपेक्षा २ अंश फॅरनहाइट वर गेलं की तो ताप समजायचा. हे मला आधी माहीत असतं तर आईचे दोन दिवस वाचले असते.

पहिल्या फळीतल्या पेशींचंही थोडक्यात सांगते. जखम झाली की सर्वांत आधी धावणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी म्हातारपणीही तितक्याच संख्येने असतात आणि तितक्याच वेगाने पळतात. पण इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची वाट काढली, तेव्हा तरुणाच्या पेशी सरळ जंतूकडे जाताना दिसल्या, वृद्धाच्या नागमोडी. भरकटलेली पेशी वाटेतल्या चांगल्या मांसाचंही नुकसान करत जाते.

त्यातून येते तिसरी गोष्ट, चिडलेली फौज. आमच्या आज्या रात्री चूल पूर्ण विझवत नसत. निखाऱ्यावर राख ओढून ठेवायच्या, सकाळी फुंकर मारली की पेटतं. वय वाढलेल्या शरीरात तसाच दाह राखेखाली धुमसत राहतो. कुठे जखम नाही, ताप नाही, तरी दाह वाढवणारी रसायनं रक्तात थोडी जास्त सापडतात. इटलीतल्या बोलोन्याच्या क्लाउदिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली याला 'इन्फ्लमेजिंग' असं नाव दिलं. रक्तवाहिन्या आतून खरखरीत होणं, स्नायू झिजणं, साखर बिघडणं, या सगळ्यांशी त्याचा संबंध लागतो.

ही धग कुठून येते? म्हातारपणी काही पेशी दुभंगणं थांबवतात पण मरत नाहीत, आणि बसल्या जागी चिडखोर रसायनं सोडत राहतात. पोटाच्या आतली चरबी तेच करते. हिरड्या सुजलेल्या असतील तर त्यातून वरचेवर जंतू रक्तात झिरपतात. आणि अस्थिमज्जेतही एक बदल होतो, ज्याकडे गेल्या दहा-बारा वर्षांतच नीट लक्ष गेलं. रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींपैकी एखादीत जनुकीय बदल होतो आणि तिची संतती इतरांना मागे टाकून रक्तात पसरते. सत्तरीच्या पुढच्या दर १० माणसांत एकात हे आढळतं. त्यातल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही, पण या पेशी दाह वाढवतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

फौज चिडली की कधी घरच्यांवरही उलटते. सत्तरीच्या पुढच्या सुमारे ४ टक्के माणसांच्या रक्तात विषाणूला रोखणाऱ्या इंटरफेरॉनविरुद्धच अँटीबॉडी असतात. कोविड आल्यावर यातल्या अनेकांना तो फार जड गेला.

हे सगळं कळल्यावर माझा एका गोष्टीवर राग आहे आणि तो मी लपवत नाही. बाजारातल्या 'इम्युनिटी बूस्टर' पावडरी. म्हाताऱ्या माणसाची पेन्शन त्यात जाते. राखेखाली निखारा आधीच धुमसतोय, तिथे 'बूस्ट' म्हणजे नेमकं काय वाढवणार? आणि आटलेला तरवा कुठलीही पावडर पुन्हा उगवून आणत नाही. आल्या-तुळशीचा काढा घशाला बरा वाटतो, तो जरूर प्यावा, पण त्याच्या भरवशावर लस सोडू नये.

फरक कशाने पडतो याचा सर्वांत सुंदर पुरावा मला एका साध्या अभ्यासात मिळाला. २०१८ साली इंग्लंडमध्ये ५५ ते ७९ वर्षांची, आयुष्यभर लांब पल्ल्याची सायकल चालवणारी १२५ माणसं तपासली. त्यांची थायमस जवळजवळ तरुणांइतक्या नव्या टी पेशी सोडत होती. सायकल चालवणारी माणसं मुळातच तब्येतीने बरी असणार, हे धरूनही आकडे बोलके होते. कारणही समजण्यासारखं आहे. काम करणारा स्नायू रक्तात अशी रसायनं सोडतो जी टी पेशींना तग धरायला मदत करतात. आमच्याकडच्या बायका साठीपर्यंत घाटी चढतात, लावणीला वाकतात. मग मुलगा पंप बसवतो, गॅस देतो, 'आता बस आरामात' म्हणतो, आणि वर्षा-दोन वर्षांत मांड्या गळतात. पंप हवाच, धुराची चूल जायलाच हवी. पण रोज देवळापर्यंतची चाल, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं, हे कोणी बंद करू नये.

आणि ताट. एकट्या म्हाताऱ्या माणसाचं रात्रीचं जेवण म्हणजे पेज आणि लोणचं. स्वतःपुरतं कोण रांधणार? अँटीबॉडी ही प्रथिनाचीच बनलेली असते, टी पेशीही. साठीच्या पुढे वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. कुळथाची पिठी, बांगडा, तारली, अंडं, यातलं काहीतरी दोन्ही वेळच्या पानात हवं. मशेरी मात्र सोडवा. हिरड्यांची ती सूज वर्षानुवर्षं धुमसते. पावसात लावणीला उतरणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या पायाच्या भेगा बघा, लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप, तिथूनच शिरतो आणि वय वाढलं की तो जास्त जड जातो. तो टाळायच्या गोळ्या वाटायला आशाताई येते तेव्हा 'माका कित्या व्हयी' म्हणून परत पाठवू नका.

आमच्या घरातले फोन बदललेत. भाऊ आता ताप विचारत नाही. सकाळी काय खाल्लंस, खळ्यापर्यंत गेलीस का, शेजारची कोण आली होती, काय म्हणाली, असं विचारतो. उत्तर लांबलं, नावं बरोबर आली, की त्याला कळतं. एक दिवस नेहमीपेक्षा वेगळी वाटली तर तो मला लगेच फोन करतो आणि मी थर्मामीटर आणि घड्याळ घेऊन बसते. श्वास मिनिटाला २५ च्या वर गेला तर वाट बघायची नाही, हे आम्ही ठरवलंय.

फ्लूची लस आम्ही मे महिन्यात घेतो. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात उसळतो, आणि लस अंगी लागायला दोनेक आठवडे जातात. मे महिन्यात भाऊ आंबे काढायला आलेलाच असतो, तोच आईला घेऊन जातो. न्यूमोनियाची लस डॉक्टरांनी गेल्या वर्षी दिली. यंदा जाताना भावाच्या मुलांनाही नेलं, कारण गणपतीत खोकला घेऊन येणारे तेच. धाकटा सुई बघून रडला. आईने त्याला जवळ ओढलं, आपला दंड पुढे केला आणि म्हणाली, "बघ, माका आधी." घरी येऊन तिने स्वतःच पेन्सिल घेतली आणि कालनिर्णयाच्या त्या दिवसाच्या चौकोनात 'लस' असं लिहिलं.